ठाण्यातील श्वान प्रशिक्षकांचा आमचा अनुभव: दाराची घंटा आणि भिंगरी

गेल्या वर्षी ऑगस्टच्या अखेरीस आमच्या दाराची घंटा वाजली की आमची कुत्री भिंगरी दिवाणाखाली जात असे आणि तिथेच तिची लघवी होत असे. ही भीती तिच्यात आधी नव्हती. आम्ही स्वतः पैसे देऊन नेमलेल्या प्रशिक्षकाची तीन आठवड्यांची शिकवणी संपता संपता ती दिसू लागली. सप्टेंबरमध्ये आम्ही दुसऱ्या प्रशिक्षिकेकडे गेलो. हे परीक्षण मुख्यतः त्यांच्या कामाचे आहे, पण त्यांचे काम कुठे वेगळे पडले हे पहिल्या अनुभवाशिवाय सांगता येणार नाही. पहिल्या प्रशिक्षकाचे नाव घेणे मला उचित वाटत नाही, आणि दुसऱ्या ताई एकट्याच काम करत असल्याने त्यांनी नाव छापू नये अशी विनंती केली आहे. त्यामुळे ठाणे, नवी मुंबई परिसरात कुत्र्यासाठी प्रशिक्षक शोधणाऱ्यांना निवडीच्या वेळी नेमके काय पाहावे, एवढेच मी येथे मांडणार आहे.

भिंगरी देशी आहे. मार्च महिन्यात वर्तकनगरच्या नाक्यावर एका टपरीमागे ती माझ्या मुलाला सापडली, तेव्हा पशुवैद्यांच्या अंदाजाने ती दोन महिन्यांची असावी. आम्ही पोखरण रोड क्रमांक २ वरील एका इमारतीत अकराव्या मजल्यावर राहतो. लसीकरण पूर्ण होईपर्यंत पिल्लाला खाली न्यायचे नाही, असे आम्हाला सगळ्यांनीच सांगितले होते आणि आम्ही ते इतके काटेकोरपणे पाळले की मे महिन्याच्या शेवटापर्यंत तिने आमच्या घरातील पाच माणसांखेरीज फारसे कोणी पाहिलेच नाही. पुढे लिफ्टमध्ये हेल्मेट घातलेला माणूस शिरला की ती भुंकू लागली. जुलैत तिने घरपोच सामान आणणाऱ्या एका मुलाच्या पिशवीवर झेप घेतली आणि सोसायटीच्या सचिवांनी आम्हाला बोलावून घेतले. सहा महिन्यांपासून साधारण दीड वर्षापर्यंत कुत्रा वयात येत असतो आणि त्या काळात भित्रेपणा उफाळून येऊ शकतो, हे तेव्हा आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते.

पहिला प्रशिक्षक आम्हाला ओळखीतून मिळाला. महिन्याचे नऊ हजार रुपये आणि रविवार सोडून रोज अर्धा तास, असे ठरले. त्याने पहिल्याच दिवशी भिंगरीचा पट्टा काढून तिच्या गळ्यात चोक चेन, म्हणजे ओढली की आवळणारी साखळी, घातली आणि कुत्र्याला घराचा मालक कोण ते कळायला हवे, नाहीतर ती तुमच्या डोक्यावर बसेल, असे माझ्या सासूबाईंना समजावले. ती भुंकली की साखळीला हिसका बसे. आम्ही जवळ उभे राहिलो तर तिचे लक्ष विचलित होते म्हणून आम्हाला घरातच थांबायला सांगितले जाई आणि तो तिला एकटीला खाली बागेत घेऊन जाई. दहाव्या दिवसापासून भिंगरी भुंकायची थांबली. आम्ही आनंदलो आणि सोसायटीच्या दोन कुटुंबांना त्याचा फोन नंबरही दिला, याचे मला आजही वाईट वाटते. ती आता खेळतही नाही, ताटलीतले अन्न घरातल्यांचा वावर थांबल्यावरच खाते, आणि सकाळी सातची घंटा वाजली की शेपटी पोटाखाली घेऊन दिवाणाखाली जाते, हे सर्वप्रथम सासूबाईंच्या लक्षात आले. त्या म्हणाल्या, "अगं, ही शहाणी नाही झालेली, ही घाबरलीये." तीन आठवड्यांनी आम्ही वर्ग बंद केले. उरलेल्या दिवसांचे पैसे परत मिळाले नाहीत.

घराचा मालक कोण, या कल्पनेचे मूळ मी नंतर शोधून वाचले. १९४७ मध्ये रुडॉल्फ शेंकेल या संशोधकाने बंदिस्त जागेत एकत्र ठेवलेल्या लांडग्यांच्या वर्तनावर लेखन केले. परस्परांशी नाते नसलेले ते प्राणी वर्चस्वासाठी झगडत होते आणि त्यावरून कळपाचा एक म्होरक्या असतो, तो दरारा ठेवून राज्य करतो, हे चित्र रूढ झाले. डेव्हिड मेक या लांडग्यांच्या अभ्यासकाच्या लेखनातून हे चित्र सर्वदूर पोहोचले, आणि त्याच मेक यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात, मोकळ्या रानातील लांडग्यांचा कळप म्हणजे बहुधा आईवडील आणि त्यांची पिल्ले यांचे कुटुंब असते, असे मांडून जुनी समजूत दुरुस्त केली. तरीही ठाण्यात आम्ही ज्या सहा प्रशिक्षकांशी बोललो, त्यांतील चौघांनी पहिल्या पाच मिनिटांत मालकी, वर्चस्व किंवा कळपाचा प्रमुख यांपैकी काही तरी उच्चारले. मी आता तो शब्द ऐकताच नम्रपणे फोन ठेवते.

गप्प झालेला कुत्रा शिकलेला वाटतो, ही आमची चूक मात्र अधिक खोल होती. मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर यांनी १९६७ मध्ये कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की ज्या कुत्र्यांना आधी न टाळता येणारे विजेचे झटके बसले होते, त्यांतील बरेचसे कुत्रे पुढे सुटकेचा मार्ग समोर असतानाही हालचाल न करता झटके सोसत राहिले. त्या प्रयोगांविषयी वाचताना मला बागेतून परत आलेली भिंगरी दिसत होती. ती गालिच्याच्या कडेला बसे, ओठ चाटे, झोप आलेली नसताना जांभया देई आणि डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल अशी तिरपी नजर ठेवी. ही सगळी ताणाची लक्षणे होती आणि आम्ही त्यांना शिस्त समजलो. प्रशिक्षक पाहायला जाल तेव्हा त्याच्याकडील कुत्रे किती शांत बसतात यापेक्षा त्यांचे कान, शेपटी आणि तोंड पाहा, आणि तो हाक मारतो तेव्हा कुत्रा धावत येतो की पोट जमिनीला टेकवत येतो, हे आवर्जून पाहा.

आपल्याकडे पशुवैद्याला १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार नोंदणी करावी लागते, परंतु घरच्या कुत्र्याला शिकवणाऱ्यासाठी असा कोणताही परवाना सक्तीचा नाही, त्यामुळे ज्याच्या हाती दोरी आहे तो कोणीही स्वतःला प्रशिक्षक म्हणवू शकतो. काही जण परदेशी संस्थांची परीक्षा देऊन आलेले असतात. सीपीडीटी-केए हे श्वान प्रशिक्षकांचे प्रमाणपत्र ऐकू आले तर त्याच्यामागे लेखी परीक्षा आणि प्रत्यक्ष प्रशिक्षणाच्या तासांची अट असते, हे लक्षात ठेवावे. पण अनेक प्रमाणपत्रे चार दिवसांच्या शिबिराचीही असतात, तेव्हा भिंतीवरील चौकट पाहून ती कशाबद्दल मिळाली हे विचारण्यात संकोच करू नये. अमेरिकेतील पशुवर्तन तज्ज्ञ पशुवैद्यांच्या संघटनेने २०२१ मध्ये सर्व प्रकारच्या प्रशिक्षणासाठी बक्षिसावर आधारलेल्या पद्धतीच वापराव्यात अशी भूमिका जाहीर केली, आणि वेल्समध्ये तर विजेचा झटका देणाऱ्या पट्ट्यावर २०१० पासून कायद्याने बंदी आहे. आपल्याकडे तेच पट्टे 'भुंकणे थांबवणारे यंत्र' या नावाने घरपोच मिळतात आणि काही प्रशिक्षक ते सोबत घेऊन येतात.

दुसऱ्या वेळी आम्ही घाई केली नाही. नवी मुंबईत नेरूळला एका मैदानावर रविवारी सकाळी चालणारा सामूहिक वर्ग पाहून आलो. शिकवणारा तरुण मनमिळाऊ होता आणि त्याच्या खिशात खाऊ होता, पण एका माणसासमोर चौदा कुत्रे उभे होते आणि भिंगरीसारख्या घाबरलेल्या कुत्रीला तिथे उभे करणे म्हणजे पोहता न येणाऱ्याला भरतीच्या पाण्यात ढकलण्यासारखे झाले असते. मोकळ्या स्वभावाच्या लॅब्रेडॉरसाठी मी तो वर्ग आनंदाने सुचवीन. कर्जतच्या बाजूला एका शेतघरावर कुत्रा महिनाभर ठेवून शिकवून परत देणारी सेवाही आम्ही विचारात घेतली होती. आम्ही मध्ये येऊन वर्ग पाहू का, असे विचारल्यावर, त्याने कुत्र्याला घरची आठवण येईल, असे उत्तर मिळाले आणि तो विषय तिथेच संपला. कुत्रा तिथे काय शिकतो यापेक्षा कसा शिकतो हे कुटुंबाला दिसले पाहिजे. शिवाय कर्जतच्या अंगणात शिकलेले 'थांब' आमच्या लिफ्टच्या दारात उपयोगी पडेलच असे नाही, कारण कुत्रा शब्दाबरोबर जागाही शिकत असतो.

ऐरोलीहून येणाऱ्या या ताईंनी फोनवरच मला अर्धा तास प्रश्न विचारले. भिंगरी काय खाते, किती झोपते, पहिल्यांदा कोणावर भुंकली, कुठल्या बाजूला हात लावलेला तिला आवडत नाही, शेवटचे पशुवैद्याकडे कधी नेले होते. कुत्री चुकल्यावर तुम्ही काय करता असे मी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "ती चुकली तर मी अवघड काहीतरी विचारलं असं समजते आणि सोपं करते. हिसका, ओरडणं, पाण्याचा फवारा, यातलं काही मी करत नाही, तुम्हालाही करू देणार नाही." पुढे त्यांनी एक अट घातली, की पशुवैद्यांकडून तपासणी झाल्याशिवाय त्या पहिला वर्ग घेणार नाहीत, कारण अचानक चिडचिडा झालेला कुत्रा पुष्कळदा दुखत असल्यामुळे चिडलेला असतो. आम्ही दुसऱ्या दिवशी तिला नेले. पावसाळ्यात आपल्या दमट हवेत होतो तसा तिच्या दोन्ही कानांत बुरशीचा संसर्ग निघाला, डावा कान आतून लालभडक झाला होता. ज्या गळ्यातल्या साखळीला तीन आठवडे हिसके बसले होते, ती त्या कानांच्या अगदी खाली होती. तपासणीच्या टेबलाजवळ मी काही बोलू शकले नाही. औषधाचे थेंब दोन आठवडे चालले आणि तोवर ताईंनी वर्ग सुरू केला नाही, पैसेही घेतले नाहीत.

पहिल्या वर्गाला त्यांनी घंटा वाजवली नाही, खालून फोन केला. आत येऊन त्या जमिनीवर दाराकडे पाठ करून बसल्या आणि चाळीस मिनिटे भिंगरीकडे न पाहता आमच्याशी बोलत राहिल्या. मधून मधून उकडलेल्या कोंबडीचा वाटाण्याएवढा तुकडा त्या स्वतःपासून दूर, भिंगरीच्या दिशेने टाकत होत्या. चाळिसाव्या मिनिटाला भिंगरीने त्यांच्या पिशवीचा वास घेतला. त्यांनी हात पुढे केला नाही. त्या दिवशी बस, ऊठ, हात दे यांपैकी काहीही शिकवले गेले नाही आणि माझ्या नवऱ्याला अठराशे रुपये वाया गेल्यासारखे वाटले, हे प्रामाणिकपणे लिहायला हवे.

इवान पावलोव यांना १९०४ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले ते पचनक्रियेवरील संशोधनासाठी, पण लोकांना ते आठवतात ते ठरावीक आवाजामागोमाग अन्न मिळत गेल्यावर नुसत्या आवाजानेच लाळ गाळणाऱ्या कुत्र्यांमुळे. ताईंनी आम्हाला समजावले, की पहिल्या प्रशिक्षकाने नकळत हेच केले होते, फक्त उलट्या दिशेने. घंटा वाजली, तो आला, गळा आवळला गेला. अठरा सकाळी हे घडल्यावर घंटा हीच वेदनेची वर्दी झाली. तिला उत्तर म्हणून त्यांनी आमच्या घंटेचा आवाज मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून घेतला आणि तो इतक्या हळू वाजवायला सांगितला, की भिंगरीचा कान हलावा पण ती उठू नये. आवाज संपताच दिवाणापासून दूर असलेल्या सतरंजीवर कोंबडीचा तुकडा पडला पाहिजे. क्रम महत्त्वाचा, कारण आधी तुकडा आणि मग आवाज झाला तर कोंबडी दिसताच ती घाबरू लागेल, हा इशारा त्यांनी तीनदा दिला. दिवसातून दोन वेळा, प्रत्येक वेळी पाच किंवा सहा फेऱ्या, त्याहून जास्त नाही. ती उठून गेली तर आपण आवाज फार वाढवला असे समजून दोन पायऱ्या खाली यायचे. नवव्या दिवशी आवाज झाल्यावर ती दिवाणाकडे न पाहता सतरंजीकडे पाहू लागली. खऱ्या घंटेपर्यंत पोहोचायला आम्हाला पाच आठवडे लागले.

त्यांच्या कामातील मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट म्हणजे त्यांनी भिंगरीपेक्षा आम्हाला जास्त शिकवले. दुसऱ्या वर्गात त्यांनी घरातील पाचही जणांना एकेक करून भिंगरीला बसायला सांगण्यास लावले. मुलगा 'सिट' म्हणाला, नवरा 'बैठ', मी 'बस', सासूबाई 'बस गं बाई माझी', आणि सासरे नुसतेच बोट दाखवून उभे राहिले. कुत्री ऐकत नाही, अशी तक्रार आम्ही सहा महिने करत होतो. तेव्हापासून घरात बस, थांब, ये, सोड आणि जागेवर हे पाच शब्द ठरले आणि सासूबाईंनी ते स्वयंपाकघराच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहून लावले. ताई त्यांना आजी म्हणतात, आणि आजींचा दुपारचा वर्ग आता आमच्या सर्वांपेक्षा नियमित असतो. प्रशिक्षक कुत्र्याला तुमच्यापासून दूर नेऊन शिकवत असेल तर तो कुत्र्याला स्वतःचे ऐकायला शिकवतो, आणि तो तर महिन्याने जाणारच असतो.

त्यांच्या सेवेतील उणिवाही लिहायला हव्यात. त्या केवळ मंगळवार ते शुक्रवार सकाळी येतात, त्यामुळे नोकरी करणाऱ्यांना रजा काढावी लागते. कळवा पुलावरच्या वाहतुकीमुळे दोनदा त्या पाऊण तास उशिरा आल्या आणि भिंगरीसाठी भुकेची वेळ साधून ठेवलेले सगळे गणित बिघडले. वर्गानंतर त्या पाठवत असलेली टिपणे इंग्रजीत होती, ती घरात सर्वाधिक वेळ कुत्रीसोबत असणाऱ्या माणसालाच वाचता येत नव्हती. सांगितल्यावर त्यांनी मराठीत आवाज मुद्रित करून पाठवायला सुरुवात केली, पण हे आधीच सुचायला हवे होते. सहा वर्गांचे दहा हजार आठशे रुपये झाले. हा आकडा पहिल्या प्रशिक्षकाच्या महिन्यापेक्षा मोठा आहे आणि प्रत्यक्ष भेटी मात्र सहाच, त्यामुळे ज्यांना रोजचा सराव स्वतः करणे शक्य नाही त्यांनी ही पद्धत निवडू नये, कारण मधल्या दिवसांत घरच्यांनी काम केले नाही तर ते पैसे खरोखरच वाया जातील.

पिल्लू घरी आणणाऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगते, कारण आमचे सगळे संकट तिथून सुरू झाले. पिल्लाला माणसे, आवाज, जमिनी, वाहने यांची ओळख करून देण्याचा सर्वांत महत्त्वाचा काळ आयुष्याचे पहिले तीन महिने हा असतो, आणि लसीकरण पूर्ण होईपर्यंत तो उलटून गेलेला असतो. वर उल्लेखलेल्या पशुवैद्यांच्या संघटनेचे मत असे आहे, की लसींचा पहिला संच देऊन किमान सात दिवस झाल्यावर पिल्लाला सामाजिक ओळखीच्या वर्गात नेता येते. आपल्या रस्त्यांवर पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा धोका मोठा असल्याने त्याला जमिनीवर सोडू नये हे खरेच, पण कडेवर घेऊन तलावपाळीच्या कठड्याशी अर्धा तास उभे राहण्यात, रिक्षात बसवण्यात, हेल्मेट घातलेल्या भाच्याच्या हातून खाऊ देण्यात कसलीच अडचण नव्हती. हे आम्हाला मार्चमध्ये सांगणारा प्रशिक्षक भेटला असता तर पुढचे काहीच करावे लागले नसते. म्हणून प्रशिक्षक शोधायची वेळ पिल्लू आणण्याच्या आधीची आहे, ते चावू लागल्यानंतरची नाही, आणि पहिल्या भेटीचे पैसे याच सल्ल्यासाठी द्यावेत.

दिवाळीत फटाक्यांच्या आवाजासाठी ताईंनी आधीच तीन आठवडे तयारी करून घेतली होती. पूर्ण यश आले असे म्हणणार नाही, लक्ष्मीपूजनाच्या रात्री भिंगरी थरथरत होती, पण ती दिवाणाखाली न जाता सासूबाईंच्या पायाशी येऊन बसली आणि रात्री अकरा वाजता जेवली. उपवनला आम्ही तिला लांब दोरीवर नेतो. येऊरच्या जंगलात बिबटे आहेत, त्यामुळे त्या भागात कुत्रा कितीही शिकलेला असला तरी दोरी सोडायची नाही आणि तिन्हीसांजेनंतर थांबायचे नाही, हेही ताईंनी बजावून सांगितले आहे. 'ये' म्हटल्यावर ती दहांपैकी आठ वेळा येते. इतर दोन वेळा समोर मांजर असते.

लिफ्टमधील हेल्मेटवाल्या माणसांचे काम अजून बाकी आहे. त्यासाठी आम्ही फेब्रुवारीत आणखी दोन वर्ग ठरवले आहेत, आणि जुलैत ज्याच्या पिशवीवर भिंगरीने झेप घेतली होती, तोच मुलगा शुक्रवारी सकाळी दहा मिनिटे हेल्मेट घालून आमच्या मजल्यावर लांब उभा राहायला तयार झाला आहे.